दोन नगरांची एक नदी

एका नदीच्या काठावर दोन नगरं होती. वरच्या अंगाला चंदनपेठ, खालच्या अंगाला उंबरखेडे. दोन्हींच्या मध्ये जकातीचा नाका होता. तिथे गाड्या ताटकळत उभ्या राहायच्या, म्हणून व्यापार बेताचाच होता. शेवटी दोन्हीकडची शहाणी माणसं एकत्र बसली आणि त्यांनी नाका उठवला.

मग काय विचारता! चंदनपेठेचं रंगीत कापड उंबरखेड्यात जाऊ लागलं, उंबरखेड्याची कलिंगडं चंदनपेठेत येऊ लागली. पेठेतल्या रंगाऱ्यांना दिवस पुरेना. त्यांत नेमाजीशेट सगळ्यांत नावाजलेला. पण जसजशा रंगाच्या कढया वाढल्या, तसतशी नदी लाल-निळी वाहू लागली. घाटावर धुतलेले कपडे डागाळले. विहिरींच्या पाण्याला वास येऊ लागला. खाली उंबरखेड्यापर्यंत पोचेतो मात्र तो रंग विरून जायचा.

तेव्हा पेठेच्या पंचांनी हुकूम काढला : "रंगाचं पाणी आधी हौदात निवळवा, मगच नदीत सोडा."

हौद म्हणजे खर्च. रंगारी कुरकुरू लागले. ही बातमी उंबरखेड्याच्या सयाजी पाटलांच्या कानावर गेली. ते लगेच नेमाजीशेटकडे आले.

"शेट, आमच्याकडे या. नदीकाठची जागा देतो. हौदाबिदाचं कुणी विचारणार नाही. नाका तर उठलाच आहे, कापड संध्याकाळी तुमच्या दुकानात."

नेमाजीशेटला बोलणं पटलं. धंदा वाढेल, पेठेची नदीही स्वच्छ राहील. तो नारळ घेऊनच पाटलांबरोबर जागा बघायला गेला.

जागेला लागून नदीच्या वाळूत कलिंगडाच्या वाड्या होत्या. यमुनाबाई नावाची एक बाई वेलांना पाणी घालत होती. पाहुणे आलेले पाहून तिने एक कलिंगड फोडलं.

"खा शेट. सगळा माल तुमच्या पेठेतच जातो. नाका उठला अन् आमचं बरं झालं."

"इथे आमच्या कढया येणार आहेत, बाई."

"येऊ द्या की. पोरांना काम मिळेल." तिने घागर नदीत बुडवली आणि पुढच्या वेलाकडे वळली.

नेमाजीशेटच्या हातातली फोड हातातच राहिली. आपल्या घाटावरचा लाल-निळा ओघळ त्याला या वाळूत दिसू लागला. आपण पेठ स्वच्छ करणार, ती हिच्या घागरीत घाण ओतून! त्याने नारळ परत पिशवीत ठेवला.

"पाटील, आज नाही."

"का? जागा आवडली नाही?"

"जागा फार चांगली आहे. म्हणूनच."

पाटील रागावून निघून गेले. नेमाजीशेटने घरी येऊन हौद खोदायला घेतले. पहिल्यात गाळ बसायचा, दुसऱ्यात चुना टाकायचा, तिसऱ्यात वाळूतून पाणी झिरपायचं. दोनदा हौद गळले, ते पुन्हा बांधावे लागले. त्या हंगामात त्याचं कापड महाग पडलं. जुनी गिऱ्हाइकं दुसरीकडे वळली. इतर रंगारी त्याला हसले आणि उंबरखेड्याला जायची तयारी करू लागले.

तेव्हा नेमाजीशेटने दोन्ही नगरांच्या पंचांना एकत्र बोलावलं.

"नाका उठवताना आपण एकत्र बसलो होतो," तो म्हणाला. "मग नदीसाठी वेगवेगळे का बसतो? जो नियम पेठेला, तोच उंबरखेड्याला लावा."

सयाजी पाटील ताडकन उठले. "तुमचं पोट भरलंय, शेट! आमच्या पोरांनी काय तुमच्या कढयांकडे लांबून बघत बसायचं?"

पाटलांचं म्हणणं खोटं नव्हतं.

"बघत कशाला?" नेमाजीशेट म्हणाला. "मी येतो. माझ्या निम्म्या कढया तुमच्याकडे आणतो. पण हौद आधी, कढया नंतर. आणि हौद कसे बांधायचे ते मी सगळ्यांना शिकवतो. चुकत चुकत शिकलोय, तुम्हाला चुकावं लागणार नाही."

त्याला हसणारे रंगारी एकमेकांकडे पाहू लागले. इतक्या कष्टाने कमावलेली युक्ती हा माणूस फुकट वाटत होता. पाटील पुन्हा खाली बसले. मग म्हणाले, "कामाला आमचीच पोरं घ्याल?"

"तुमचीच."

"मग बांधा हौद."

दोन्ही नगरांनी एकच नियम केला. घाण करून स्वस्त विकायची सोय कुणालाच उरली नाही, तेव्हा चांगलं रंगवणाराच पुढे गेला. नेमाजीशेटची गिऱ्हाइकं परत आली. उंबरखेड्यात कढया आल्या, पोरं कामाला लागली, घरं वाढली. आणि वाळूत वेल पसरतच राहिले.

ही भरभराट पाहून आणखी खालच्या अंगाच्या एका नगराने निरोप धाडला : "आम्हीही आमचा नाका उठवतो. आम्हाला तुमच्यात घ्या."

उत्तर सयाजी पाटलांनीच दिलं : "आनंदाने या. पण येण्याआधी हौद खोदून ठेवा."

तात्पर्य: शेजाऱ्याशी बाजार एक केला, तर पाण्याची काळजीही एक करावी. आपली घाण त्याच्या दारात लोटून वाढलेलं नगर खरं वाढत नाही. सगळ्यांना एकच नियम असला, की धंदाही फुलतो आणि नदीही निर्मळ राहते.