रांजणाचा तळ

माळावरच्या एका गावात कोंडाबाई नावाची एक बाई राहत होती. घरात मुलगा भुजंग, सून सगुणा आणि तान्ही नात. स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात ज्वारीचा मोठा रांजण होता. घराची भाकरी त्याच्यावरच चालायची.

हा रांजण कोंडाबाईने कधी रिकामा होऊ दिला नव्हता. लहानपणी एका दुष्काळात तिने माहेरचा रांजण खडखडीत झालेला पाहिला होता. तेव्हापासून रिकाम्या भांड्याचा तिने धसकाच घेतला होता. दर साली ती तळाशी थोडी ज्वारी राखायची, "बरकत राहते," म्हणायची आणि नवी ज्वारी तिच्यावरच ओतायची.

एके साली शिमग्यानंतर नवं धान्य घरात आलं. सगुणाने रांजणात हात घातला, तर बोटांवर सोंडे चढले.

"आत्याबाई, तळ किडलाय. रांजण उपडा करू, ऊन दाखवू, मग भरू."

कोंडाबाई रांजणाच्या आडवी आली. ती उसळून म्हणाली, "भरल्या घरात रांजण उपडा? उद्या चूलही उपडी करशील! दोन सोंड्यांनी काय होतंय?"

मनातून तिला कळलं होतं. वाकून बघायचा धीर होईना, एवढंच. तिने घाईघाईने नवी ज्वारी ओतली आणि रांजणाचं तोंड शेणामातीने लिंपून टाकलं. वरखर्चाला एक पोतं तेवढं बाहेर ठेवलं.

त्या साली पावसाने दडी मारली. श्रावणात पोतं सरलं, तेव्हा लिंपण फोडलं. आतून उबट वास आला. वरपासून खालपर्यंत जाळी, भुगा आणि पोकळ दाणे. शेजारी तरी काय देणार? त्यांच्याच चुली एक वेळ पेटत होत्या.

नात अंगावर पिणारी. आईच उपाशी, तर तिला काय मिळणार? शेवटी भुजंगने दोघींना सगुणाच्या माहेरी पोचवायचं ठरवलं.

निघताना सगुणा म्हणाली, "आत्याबाई, चाळून-पाखडून टोपलीभर निघालीय. पुरवून खा."

बोलण्यात टोमणा नव्हता, म्हणूनच ते कोंडाबाईला जास्त लागलं.

"तेव्हाच बघायला हवं होतं गं," ती पुटपुटली. "मला भीती वाटली."

सगुणा नातीला घेऊन गाडीत चढली. बैलगाडी हलली. नात आजीकडे हात पसरून रडत होती, आणि "राहा" म्हणायला आजीच्या घरात काही उरलं नव्हतं.

तात्पर्य: भीती वाटली तरी तळ पाहावा; किडक्यावर चांगलं ओतलं, तर चांगलंही हातचं जातं.