दारावरची करवत

एक होती खाडी. पाणी इतकं गढूळ, की त्यात आपलाच हात बुडवला तर दिसू नये. त्या खाडीकाठी साबाजी नावाचा कोळी राहायचा. बायको केसर, आणि साबाजीची म्हातारी आई. गावची सुईणही तीच, बरं का.

केसरला दोन मुलं झाली होती. दोन्ही रडलीच नाहीत. सासूने निळी पडलेली पोरं फडक्यात गुंडाळली आणि वाळूत पुरली. आता केसरला तिसऱ्यांदा दिवस गेले होते.

त्या गावात एक रीत होती. बाळंतिणीच्या दारावर करवत माशाची करवत टांगायची. करवत मासा पाकटाच्या, म्हणजे तळाशी पडून राहणाऱ्या चपट्या माशाच्या जातीतला, अंगाने मात्र लांबलचक. तोंडापुढे त्याला हातभर पातं, आणि पात्याच्या दोन्ही कडांना दात. ते पाहून मरण म्हणे दारातूनच मागे फिरतं. पण करवत जिवंत माशाचीच कापायची आणि मासा पाण्यात सोडून द्यायचा. जीव घेतला नाही म्हणजे पाप लागत नाही, असं लोक समजायचे.

मग साबाजीने खाडीच्या तोंडाशी जाळं लावलं. करवत मासा आला आणि अडकला. दातांत जाळं गुंतलं की त्याला सुटता येत नाही. साबाजीने करवत कापली, माशाला पाण्यात ढकललं आणि घरी आला.

"मेला का हो तो?" केसरने विचारलं.

"छे. नुसतं नाक घेतलं त्याचं. गेला पोहत."

सासू मुलाला म्हणाली, "तुझं कापलं तर तूही चालत घरी येशील. आण इकडे."

करवत दारावर चढली. आणि काय झालं माहीत आहे? दारातून कोंबडी गेली, करवत थरथरली. मांजर गेलं, थरथरली. मग केसर गेली, तर दोनदा थरथरली. एकदा तिच्यासाठी, एकदा पोटातल्यासाठी.

सासू खूश झाली. केसर मात्र विचारात पडली. करवतीला जीव कळतो. म्हणजे गढूळ पाण्यात मासा हिच्याच जोरावर खाणं शोधत असणार. मग आता तो खातो काय?

ओहोटीला ती टोपलीत बोय मासे घेऊन खाडीवर गेली. उथळ पाण्यात तो मासा पडला होता. मादी होती ती. केसरने बोय टाकले, पण चिखलात पडलेलं तिला सापडेना. वाळूत लपलेली पाकटं उठली आणि सगळं खाऊन गेली.

दुसऱ्या दिवशी केसर पाण्यातच उतरली. त्या माशाचं तोंड अंगाखाली असतं. तिने चाचपून हाताने घास भरवला. निम्मा सांडला.

तिसऱ्या दिवशी मादी बोलली. "पुरे, बाई. माझ्याही पोटात पोरं आहेत. त्यांच्या करवतींवर अजून मऊ खोळ आहे, मला टोचू नये म्हणून. जन्मल्यावर ती विरघळेल आणि पोरं तुमच्या जाळ्यात गुंततील. तेवढं जाळं काढायला सांग."

"आणि तुझी करवत?"

"ती काही पुन्हा चिकटत नाही. मी आहे तोवर तिला जीव कळेल. मग नाही."

केसरने नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, "जाळं काढून खायचं काय? तुझी मैत्रीण आणून घालणार आहे?" जाळं तसंच राहिलं.

मग केसरला कळा सुरू झाल्या. फार हाल झाले तिचे. मूल झालं ते निळं. रडलं नाही. सासूने पाहिलं आणि फडक्याकडे हात नेला.

"थांबा, आत्याबाई," केसर सासूला म्हणाली. "ती करवत काढून बाळाजवळ धरा."

"दारावर चढवलेली काढू नये गं."

"धरा म्हणते ना."

सासूने धरली. करवत थरथरली. अगदी हलकी, पण थरथरली.

मग सासूने बाळाला पालथं घेतलं. तोंडातला चिकटा काढला, पाठ चोळली, फुंकर घातली, पुन्हा चोळली. हात भरून आले तरी चोळत राहिली. आणि बाळ रडलं. मुलगी होती.

केसर हसली नाही. ती सासूकडे बघत होती आणि सासू स्वतःच्या हातांकडे. पहिल्या दोघांना कुणी चोळलं नव्हतं. दोघीही ते बोलल्या नाहीत. पुढेही कधी नाही.

एवढ्यात करवत थांबली. बाळ शेजारी रडत होतं, तरी ती हलेना. केसरला कळलं. "जाळं काढा," ती दाराबाहेरच्या नवऱ्याला म्हणाली. या खेपेला साबाजी लगेच उठला.

तो खाडीवर गेला. मादी उताणी तरंगत होती, पांढरं पोट वर. तिच्याभोवती हाताएवढाली पिलं घोटाळत होती. साबाजी गळ्याइतक्या पाण्यात शिरला आणि त्याने जाळ्याची एकेक गाठ सोडली. तो हंगाम त्या घराने नुसत्या पेजेवर काढला. पिलं मात्र वाढली आणि समुद्राला गेली.

त्या गावात मग दारावर करवत कुणी टांगली नाही. मूल रडलं नाही, की म्हातारी चोळत बसायची. बाकीच्या बायका उठून गेल्या तरी चोळत बसायची. कितीतरी पोरं तिने माघारी आणली. काही नाही आली. जी आली, ती सुखाने जगली.

झाली गोष्ट. आता पांघरूण घ्या आणि मिटा डोळे.