साळूचा निकाल

फार जुन्या काळी, जंगलाला स्वतःचं न्यायालय होतं तेव्हा, रताळी चोरल्याच्या आरोपावरून साळूला धरून आणलं. रिवाजाप्रमाणे टिटवीनं कड्यावर चढून 'साळू चोर' असं सगळ्या रानाला ऐकवलं. शेजाऱ्यांनी लगेच साळूचं बीळ दगडांनी बुजवून टाकलं.

पुढं रानडुकरानं चोरी कबूल केली. न्यायाधीश गव्यानं मान खाली घालून, रवंथ करता करता निकाल पुटपुटला, "साळू निर्दोष. जा घरी." आणि तो उठला.

साळूच्या अंगाची लाही झाली. काटे फुलवून ती त्याच्या वाटेत आडवी बसली. "कुठल्या घरी, गवेसाहेब? चोर म्हणायला कडा लागला होता. हे तर मलाच जेमतेम ऐकू आलं."

"सुटकेचा पुकारा करायची आपल्याकडे रीत नाही."

"मग आजपासून पाडा."

काट्यांकडे बघत गव्यानं टिटवीला खूण केली. टिटवी कड्यावर गेली, तिनं चोच उघडली, पण आवाज फुटेना.

"निर्दोष कसं ओरडायचं?" तिनं वरून विचारलं. "मला कुणी शिकवलंच नाही."

"शीक मग," साळू म्हणाली. "तोवर मी इथून हलत नाही, आणि साहेबही हलत नाहीत."