सैल किती ठेवायचं

“मग किती सैल ठेवू, चाचा? तेवढंच सांगा.”

भरतेशने तिसऱ्यांदा विचारलं.

दस्तगीरचाचा मशीनवर बसून होते. पाय पायडलवर होता, पण मशीन चालत नव्हतं.

मिरजेत दर्ग्यामागच्या गल्लीत त्यांचं शिवणकामाचं दुकान. भरतेशने नववीत शाळा सोडली आणि इथंच येऊन बसला. सहा वर्षं चाचांच्या हाताखाली शिकला. काजं करण्यापासून कोट बेतण्यापर्यंत सगळं. मग मोबाईलवर शेअर बाजार शिकला, आणि आठ महिन्यांपूर्वी कात्री चाचांच्या हातात ठेवून निघून गेला.

जाताना म्हणाला होता, “आता कापड नको, चाचा. आता रेघांवर पोट भरणार.”

आज आला होता तो त्या रेघाच घेऊन.

“शेटजी, परत एकदा समजावून सांगा की,” चाचा म्हणाले. “म्हाताऱ्याच्या डोक्यात एका दमात शिरत नाही.”

भरतेशने मोबाईल बेतायच्या टेबलावर ठेवला.

“ही मधली रेघ म्हणजे सरासरी. गेल्या वीस दिवसांच्या भावाची. रोज एक जुना दिवस गळतो, एक नवा येतो, म्हणून ही सरकत राहते. तिच्या वर एक रेघ, खाली एक रेघ. झाला पट्टा. भाव खालच्या रेघेला टेकला की शेअर घ्यायचा, वरच्या रेघेला टेकला की विकायचा.”

“आणि खालची रेघ तोडून खाली गेला तर?”

“तर विकून बाहेर पडायचं. तोटा सोसायचा. नियमच आहे तो.”

“पडलास?”

भरतेशने रेघांवर बोट ठेवलं.

“पट्टा अरुंद होता, चाचा. म्हणून मी तो रुंद केला. तसं करता येतं, आकडा बदलायचा फक्त. मग भाव परत पट्ट्यात आला.”

“भाव वर चढला?”

“नाही… खालची रेघ खाली गेली.”

“हां.”

“मग भाव पुन्हा बाहेर पडला. पुन्हा रुंद केला. आज सकाळी तिसऱ्यांदा बाहेर पडलाय.”

चाचांनी मान हलवली. हसले नाहीत, त्यामुळे भरतेशला पुढचं बोलता आलं.

“त्यात त्रिशलाचे पैसे आहेत.”

त्रिशला म्हणजे त्याची बायको. औषधाच्या दुकानात दोन वर्षं उभी राहून तिने नर्सिंगच्या कोर्सची फी साठवली होती. “तुमच्याकडं असू दे, माझ्याकडं खर्च होतील,” म्हणून ती त्याच्याच हातात दिली होती.

“तिला माहीत आहे?”

“नाही. बुधवारी फी भरायची शेवटची तारीख आहे. आज विकलं तर माझे सगळे बुडतात, पण तिची फी तेवढी निघते. आणखी पडला, तर तीपण नाही. पण पट्टा जर नीट बसला ना, चाचा… तर माझेही परत येतील. तिला काही कळायचंच नाही.”

तो टेबलावर वाकला.

“तीस वर्षांत तुमचा सदरा कुणाला काचला नाही. अंगापेक्षा किती सैल ठेवायचं, हे तुमच्याइतकं कुणाला कळतं? मला तेवढा एक आकडा द्या.”

चाचांनी पायडलवरचा पाय खाली घेतला.

मग मशीनला धरून हळूहळू उठले. दोन्ही हात बाजूला पसरले.

“टेप घे. माझं माप काढ.”

“आत्ता?”

“विसरलास काय?”

भरतेशने टेप गळ्यात टाकला. आठ महिन्यांत पहिल्यांदाच. छातीला टेप गुंडाळला तशी चाचांनी छाती भरून श्वास घेतला. टेप त्याच्या बोटांतून दीड इंच सरकला.

“एवढ्यासाठी सैल ठेवायचं,” चाचा म्हणाले. “आता पोट घे.”

चाचांचा ईदचा कुडता दरवर्षी भरतेशच शिवायचा. पोट छत्तीस, हे त्याला झोपेतही सांगता आलं असतं.

टेपवर त्रेचाळीस आलं.

“चाचा, चाचींची बिर्याणी अंगी लागलेली दिसते.”

“तर काय. कुडता काचतोय. बाजूची शिवण उसवून दे जरा.”

त्यांनी कुडता काढून त्याच्या हातात दिला आणि बनियनवर बसून राहिले.

भरतेशने ब्लेड घेतलं. कुडता उलटा केला. पुढंमागं अंग वाढलं तर उसवता यावं म्हणून शिवणीच्या आत जादा कापड सोडतात, त्याला माया म्हणतात. या कुडत्यात त्याने स्वतः दीड बोट माया ठेवली होती.

आता ती जेमतेम दोऱ्याएवढी उरली होती.

कापडावर सुईच्या बारीक भोकांची एक ओळ होती. तिच्या शेजारी दुसरी. तिच्या शेजारी तिसरी. तीनदा उसवलं होतं. तिन्ही वेळा शिवण अगदी सरळ, चाचांच्याच हातची.

त्याने मान वर करून चाचांकडे पाहिलं. पहिल्यांदाच नीट पाहिलं. दंडाची हाडं दिसत होती. पोट तेवढं ताणलेलं, चकचकीत. पायांतल्या चपलांचे पट्टे कापून सैल केलेले.

तो खाली बसला. चाचांच्या घोट्यावर त्याने अंगठा दाबला, मग उचलला.

खड्डा पडला तो तसाच राहिला.

“चाचा… कधीपासून?”

“कुडता घट्ट होतोय तेव्हापासून.”

“डॉक्टरला दाखवलं?”

“कशाला? उसवला की बसतो.”

“बसतो म्हणजे?” भरतेशचा आवाज चढला. सहा वर्षांत या दुकानात त्याचा आवाज कधी चढला नव्हता. “कुडता बसला म्हणजे माणूस बरा झाला काय? सूज आहे ही! तुम्ही नुसते उसवताय, उसवताय, आणि आत…”

तो थांबला.

ब्लेड अजून त्याच्या हातात होतं. त्याने ते टेबलावर ठेवलं. कुडता सुलटा केला, चाचांच्या गळ्यात घातला, एकेक हात धरून बाहीत सरकवला. गुंड्या लावल्या.

“चला, उठा. कोपऱ्यावर रिक्षा आहे. आत्ताच्या आत्ता दवाखान्यात जायचं.”

चाचा उठले नाहीत.

“चाचा, हात जोडतो. उशीर करू नका.”

भिंतीवरच्या घड्याळात तीन वाजून वीस मिनिटं झाली होती. साडेतीनला बाजार बंद होणार होता.

चाचांनी एका बोटाने टेबलावरचा मोबाईल भरतेशकडे सरकवला.

“आधी तू.”