वैद्यबुवा जेवायला येतात

एकदा एका भरल्या पेठेत चिमणशेट नावाचे तुपाचे व्यापारी राहत होते. देह इतका स्थूल झाला होता की दुकानाच्या पायऱ्या चढतानाही दम लागे. लेक डोंगरावरच्या गावी दिलेली. तिला मुलगा झाला, तरी शेटजींना नातवाचे तोंड पाहता आले नव्हते. अखेर त्यांनी मनाचा निश्चय केला आणि उकडलेला दुधी व अळणी पेज सुरू केली. स्वभाव चिडका झाला. पत्नी सगुणाबाई ताट वाढायला बिचकू लागल्या. आणि एके दुपारी शेटजींनी हलवायाकडे उभ्या उभ्या इतके पेढे खाल्ले की त्यांचे त्यांनाच रडू कोसळले.

ते वृद्ध वैद्यबुवांकडे गेले. "बुवा, या जिभेला वळण लावणारे एखादे औषध द्या."

बुवा म्हणाले, "औषध राहू द्या. उद्यापासून दुपारी मी तुमच्याकडे जेवायला येतो. तुम्ही खाल तेच मला वाढा. मात्र माझे पचन मंद झाले आहे, तेल-तूप बेताचेच असू द्या."

शेजारी बसलेला शिष्य चकित झाला. गुरुजी आजवर कुणाच्याही घरी जेवले नव्हते!

घरी सगुणाबाईंनी कपाळाला हात लावला. "अहो, बुवांच्या पानात हा उकडलेला दुधी वाढू?"

"मग काय करायचे?"

"दुधीच करू. चमचाभर तेलात जिरे-लसणाची फोडणी देते, मूठभर मूगडाळ घालते. गरम भाकरी, काकडीची कोशिंबीर..."

"आणि ताकाला आले लाव," शेटजी म्हणाले. कित्येक वर्षांत त्यांनी स्वयंपाकाविषयी काढलेला हा पहिला गोड शब्द.

मग रोज संध्याकाळी उद्याच्या जेवणाचा विचार होऊ लागला. कधी मटकीची उसळ, कधी ताकातला पालक, कधी कोकमाचे सार. शेटजी स्वतः मंडईत जाऊन कोवळी मेथी निवडून आणत. बुवा सावकाश जेवत, प्रत्येक पदार्थाची तारीफ करत आणि पोट भरले की थांबत. त्यांच्यादेखत आणखी मागून घ्यायला शेटजींना संकोच वाटे. तेही हात धूत.

थंडी सरता सरता शेटजी डोंगर चढून गेले. नातवाला कडेवर घेऊन गावभर मिरवले. परत येताच सगुणाबाईंसह बुवांकडे आले.

"बुवा, गुण आला! पण औषध दिलेत केव्हा?"

बुवा म्हणाले, "शेटजी, तुम्ही देहावर रागावला होता. रागाने वाढलेले अन्न ही शिक्षाच असते, आणि शिक्षा जन्मभर कोण भोगील? पाहुण्याचा विचार मात्र माणूस आदल्या दिवशीच करतो. त्याला सोसेल आणि रुचेलही असे शोधतो. ऐन भुकेच्या वेळी विचार करू लागले, की हाती लागेल ते पोटात जाते. मी फक्त तुमच्या पंगतीला येऊन बसलो."

"म्हणजे आता येणार नाही?" शेटजींचा चेहरा पडला.

"नाही. पण पाहुणा येणार आहे असे समजूनच रांधत जा."

"कोण पाहुणा?" सगुणाबाईंनी विचारले.

"हे काय, तुमच्या शेजारी बसलेत!"

सगुणाबाई पदर तोंडाला लावून हसल्या. शेटजी तर पोट धरून हसले.

शिष्य कोपऱ्यात बसून हे ऐकत होता. गुरुजी बाहेर जेवत होते तेवढे दिवस त्याने चुलीपाशी उभ्यानेच शिळा भात गिळून वेळ भागवली होती. त्या संध्याकाळी त्याने उद्यासाठी मूठभर चवळी भिजत घातली.