वंगणातलं औषध

“मग ते औषध शेवटी जातं कुठं?” गोसावीबुवांनी विचारलं.

मोरेश्वर पाठारे हसले. इतका साधा प्रश्न त्यांना बऱ्याच वर्षांत कुणी विचारला नव्हता. इंजिनाच्या तेलात, ग्रीसमध्ये घालायची रसायनं बनवण्यात त्यांचा जन्म गेलेला. नुसत्या तेलात काय आहे, त्याला गुण येतो तो आमच्या चार थेंबांनी, असं ते लग्नाच्या पंगतीत बसूनसुद्धा सांगायचे.

“जात नाही, संपतं,” ते म्हणाले. “लोखंडावर लोखंड घासतं, तिथं मधे पातळ थर धरून बसतं. लोखंडाच्या वाट्याची झीज स्वतःवर घेतं. काजळी झाली तर तीही पोटात ठेवतं, तळाला बसू देत नाही.”

“म्हणजे तेलाचा वैद्य तू. आणि औषध संपलं की?”

“वरून कळत नाही बुवा. तेल असतं तेवढंच दिसतं. मग एक दिवस खडखडाट.”



पाठारे डोंगरावरच्या बुवांच्या मठीत आले होते वेगळ्याच दुःखानं. बायको, कुमुद, जाऊन वर्ष होत आलेलं. ती दर मार्गशीर्षात इथं यायची, म्हणून यंदा तिचा नारळ घेऊन ते आले. मुलानं, शार्दूलनं, स्कूटरवरून आणलं, पण वाटेत एक शब्द नाही. आता तो खाली जांभळीच्या बुंध्याशी लावलेल्या स्कूटरजवळ बसून होता.

शार्दूलनं कॉलेज सोडून गॅरेज काढलं, तेव्हा बापानं पाहुण्यांदेखत त्याला जळकं तेल उपसणारा म्हटलं होतं. तेव्हापासून दोघांचं सरळ बोलणं नाही. पण घर आपलं चालत होतं बरं का. कुमुद स्वयंपाकघरातून बाहेर येऊन सांगायची, शार्दूल विचारत होता, बाबांचा खोकला कसा आहे. ती गेली आणि पोरानं खोकल्याचं विचारणंच टाकलं. एका टेबलाशी दोघं भिंतीकडे बघत जेवायचे. आता तर त्यानं दुसरीकडे खोली बघितली होती. पुढच्या महिन्यात जाणार.

“आई होती तोवर चांगला होता,” पाठारे म्हणाले. “तिच्यामागं दगड झाला. तुम्ही सांगा त्याला, तुमचं ऐकेल.”

बुवांचे गुडघे गेलेले. तरी ते भिंत धरून उठले, काठी घेतली आणि पायऱ्या उतरू लागले. पाठारे नको नको म्हणत राहिले.

ओसरीवरून सगळं दिसत होतं. बुवा पोराजवळ गेले. पोरगं उठलं, पाया पडलं, पुन्हा स्कूटरच्या चाकाशी उकिडवं बसलं. मान वर नाही, ओठ हलला नाही. बुवाही बोलले नाहीत. घटकाभर झाडाखाली उभे राहिले आणि धापा टाकत वर आले.

“काय म्हणाला?” सगळं बघूनही पाठाऱ्यांनी विचारलं.

“म्हणाला, बाबांना उन्हात बसवू नका, त्यांना चक्कर येते.”

पाठाऱ्यांचे डोळे भरले. सतरंजी त्यांनी मुकाट्यानं सावलीत ओढून घेतली आणि शहाण्या मुलासारखे तिच्यावर बसले.

मग त्यांनी पुन्हा खाली जांभळीकडे पाहिलं.

“बुवा... तो तर बोललाच नाही. मी बघत होतो.”

बुवांनी काठी भिंतीला टेकवली आणि खाली बसले.

पाठाऱ्यांच्या डोळ्यांपुढं स्वयंपाकघराचं दार आलं. दारात कुमुद, पदराला हात पुसत. शार्दूल विचारत होता... पण शार्दूल त्या वेळी घरात तरी असायचा का? गॅरेज बंद करून यायला त्याला रात्र व्हायची.

“म्हणजे ती...”

मग त्यांनी विचारलं, “आणि माझ्या नावानं ती त्याला काय सांगायची?”

“मला काय ठाऊक? तू काय सांगायचास?”

“मी... मी काहीच सांगत नव्हतो.”

बुवा पुन्हा भिंत धरून उठले. पाठारे पुढं झाले, त्यांचा दंड धरला, आता उतरू नका म्हणाले. बुवांनी हात सोडवून घेतला, काठी चाचपली आणि पहिल्या पायरीशी जाऊन थांबले.

“तू काय म्हणालास म्हणून सांगू त्याला?”