वड्यांचे डाग

बोरखडीच्या ओढ्याकाठी तुळसोबा महाराजांचा मठ होता. महाराज मोठे विरक्त. अंगावर एक घोंगडी, हातात माळ, बाकी कशाची म्हणून आस नाही. फक्त उडदाच्या वड्यांचा वास आला की माळेवरचे बोट थबकायचे. मग भक्तांनी समजावे, आज पौर्णिमा, पंगतीची वेळ झाली.

हे वडे तळायची भिवरा, गावातल्या कुंभाराची बायको. कढईपुढे बसली की तिला जगाचे भान नसे. तेल उडे, चटका बसे, ती 'तुळसोबा' म्हणे आणि पुढचा वडा सोडी. वर्षानुवर्षांच्या चटक्यांनी तिचे हात मनगटापासून कोपरापर्यंत डागांनी भरून गेले होते.

गावची पाटलीण अंबिकाबाई रूपाने देखणी आणि ते पुरते जाणून असलेली. दर पौर्णिमेला ती भिवरेचे डाग चारचौघींना दाखवी. हा जवाएवढा, हा गव्हाएवढा, आणि कोपरावरचा तर पावट्याएवढा! बायका हसत. भिवरा पदर ओढून हात झाकी, पण हात झाकून वडे तळता येत नाहीत.

मठाच्या वार्षिक उत्सवाच्या दिवशी पाटलीणबाईंनी महाराजांपुढेच विषय काढला. असल्या कबऱ्या हातांचा नैवेद्य देवाला शोभत नाही, यंदा वडे मी तळीन, असे त्या म्हणाल्या.

"तळ की, माय," महाराज म्हणाले.

महाराजांनीही मला दूर केले, या विचाराने भिवरा रांजणाशी जाऊन पाणी भरत बसली.

पाटलीणबाई नथ सावरून कढईपुढे बसल्या. पण तेलाची भीती! त्यांनी ओल्या हाताने वडा घेतला, मान मागे ताणली आणि हातभर उंचीवरून तो कढईत टाकला. तेल उसळले. थेंब गालांवर उडाले आणि एक नेमका नाकाच्या शेंड्यावर बसला. पाटलीणबाईंनी अशी आरोळी ठोकली की बाहेरचे भजन मध्येच थांबले. कोणी शाई लावा म्हणाले, कोणी चुना, कोणी लोणी आणायला धावले.

"काही फासू नका," महाराज म्हणाले. "आधी गार पाणी घाला."

पाणी भिवरेपाशीच होते. तिने पाटलीणबाईंना हाताला धरून रांजणाशी बसवले आणि तांब्यामागून तांब्या चेहऱ्यावर ओतला. नथ, नऊवारी, सगळे चिंब झाले, तेव्हा कुठे आग थांबली. गाल निवले, नाकावर मात्र लाल डाग उमटला. इकडे पंगत खोळंबलेली. भिवरा कढईपुढे जाऊन बसली आणि घाण्यामागून घाणे काढू लागली.

पहिला वडा घेऊन ती महाराजांपुढे गेली. महाराजांनी घोंगडीतून हात काढला. त्या हातावर मनगटापासून कोपरापर्यंत डागच डाग! भिवरेने स्वतःचे हात पाहिले. ते लहान मुलीसारखे नितळ झाले होते.

ते डाग कोणाचे हे सर्वांआधी पाटलीणबाईंनी ओळखले. जवाएवढा, गव्हाएवढा, कोपरावरचा पावट्याएवढा, सगळे त्यांना तोंडपाठ होते!

भिवरेला रडू कोसळले. "महाराज, माझे डाग मला परत द्या."

"का म्हणून?" महाराज म्हणाले. "वडे मी खायचे आणि चटके तेवढे तुझे, हा कुठला न्याय?"

पाटलीणबाई ओल्या लुगड्यानिशी पुढे आल्या आणि महाराजांच्या पायांवर कोसळू लागल्या. महाराजांनी पाय आवरून घेतले.

"माय, पाय चुकलीस. तुझे पाय ते तिकडे."

पाटलीणबाई क्षणभर घुटमळल्या, मग भिवरेकडे वळल्या. पण भिवरा कसली पाया पडू देते! "पाटलीणबाई, तुम्ही मोठ्या," म्हणत ती मागे सरे, त्या पुढे सरकत. कढईला फेरा झाला, रांजणाला फेरा झाला. शेवटी भिवरेची पाठ भिंतीला लागली, तेव्हा पाटलीणबाईंनी तिचे पाय धरले आणि त्यांवर खरोखरीच नाक घासले.

काय सांगावे, भाविकहो! पाटलीणबाईंनी मान वर केली तेव्हा नाकावर डागाची खूणसुद्धा नव्हती. भिवरेने तसे सांगितले. पण त्यांनी नाक चाचपलेही नाही. पुन्हा वाकून तिच्या पायांवर डोके ठेवले.

सारी पंगत त्या दोघींकडे पाहत राहिली. महाराजांनी तेवढे पाहिले नाही. त्यांचा वडा निवत होता.